पानं चाटणारे मास्तर

सांगते ते खोटं वाटेल, पण आमच्याकडे भाड्याने राहायला आलेल्या त्या माणसाने पहिल्या दिवशी खोली बघितलीच नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली उभे राहिले, उडी मारून एक डहाळी खाली ओढली, पान तोडलं आणि जिभेने चाटलं. मी ओट्यावर गहू पाखडत होते. सूप हातातच राहिलं. त्यांनी डोळे मिटून जीभ टाळूला लावली आणि मग पेढे वाटावेत इतक्या आनंदाने माझ्याकडे वळून ओरडले, "वहिनी, आंबट आहे! पान वरून आंबट आहे! जिनाची चिमणी कुठल्या बाजूला?"

मी हात करून दाखवली. कापसाचं जिन आमच्या घरापासून हाकेवर, आमचे हे तिथंच मुनीम. मास्तरांनी चिमणीकडे बघितलं, कडुनिंबाकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं तर मग, खोली घेतली!" ना भाडं विचारलं, ना पाणी कुठून भरायचं ते विचारलं. मी आत जाऊन यांना म्हटलं, "अहो, कुणी येडा आलाय, वाटेला लावा त्याला." हे म्हणाले, "हायस्कुलात सायन्सचा मास्तर आहे. येडा असला तरी पगारी आहे."

हे सगळं शहाद्याचं. तेव्हा नंदुरबार जिल्हा वगैरे काही नव्हता, आम्ही धुळ्यात मोडत होतो. घरोघरी वीज नव्हती, रस्त्यावर मोटारीपेक्षा बैलगाड्या जास्त. अशा गावात हा माणूस सायकलवर पिशवी अडकवून झाडाझाडाखाली थांबायचा. बरं, हळू बोलणं तर ठाऊकच नव्हतं. पान हातात आलं की ओरडायचंच. पहिल्या महिन्यातच गावाने त्यांचं बारसं करून टाकलं: पानमास्तर. त्यांना ते कळलं तेव्हा एवढे खूश झाले, की पोरांनी वर्गात त्याच नावाने हाक मारली तरी 'हजर!' म्हणायचे.

त्यांचं म्हणणं काय, तर झाड एका जागी उभं असतं. आपल्यासारखं धूर आला म्हणून उठून पलीकडे जाऊन बसत नाही. हवेत जे जे येतं ते पानातून आत घेतं आणि आत साठवतं. मग आपण पान जाळायचं, राख पाण्यात उकळायची आणि त्या पाण्याला विचारायचं, की बाबा, वर्षभर काय काय गिळलंस? "झाड खोटं बोलत नाही वहिनी, आपली विचारायची पद्धत चुकते." हे वाक्य दिवसातून चारदा तरी. मला तर वाटायचं झोपेतही हेच बडबडत असतील.

आता हे विचारायचं म्हणजे काय काय लागायचं, ते माझं मला ठाऊक! माझं अर्धं स्वयंपाकघर त्यांच्या खोलीत गेलं. खलबत्ता गेला. चहाचे काचेचे ग्लास गेले. तांब्याची कळशी गेली, तिच्या तोंडाला कणीक लावून, त्यातून नळी काढून, वाफेचं पाणी थेंबाथेंबाने बाटलीत धरत बसायचे. मी म्हटलं, "मास्तर, हे काय चाललंय?" म्हणाले, "पाणी करतोय." म्हटलं, "कशाचं?" म्हणाले, "पाण्याचं!" आता बोला! पाणी उकळून पाणी काढणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. शेजारणी विहिरीवर मला विचारायच्या, "व माय, तुन्हा मास्तर आज पाणीनं पाणी करी ऱ्हायना का?" आणि हसून हसून त्यांच्या घागरी हिंदकळायच्या.

उन्हाळ्यात मी अंगणात खाटेवर उडदाचे पापड वाळत घातले, की दुसऱ्या खाटेवर मास्तरांची पानं. एकदा वारा सुटला आणि त्यांची पानं माझ्या ओल्या पापडांवर येऊन चिकटली. मी असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की गल्लीतली माणसं बाहेर आली. मास्तर खाटेजवळ गुडघे टेकून बसले आणि एकेक पान सोडवत म्हणाले, "कडुनिंब... कडुनिंब... अरे, ही चिंच! वहिनी, तुमच्या पापडांमुळे माझी चिंच कडुनिंबात मिसळता मिसळता वाचली!" त्यांना वाटलं मी त्यांना मदतच केली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यांची एक रीत मात्र मला आवडायची. ते कधीही निकाल एकट्याने बघायचे नाहीत. पानाची राख करून, उकळून, गाळून नितळ पाणी तयार झालं की ग्लासात ओतायचे आणि हाक मारायचे, "वहिनी! या लवकर!" माझे हात भाकरीच्या पिठाने भरलेले असोत, तव्यावर भाकरी असो, यायचंच. मी म्हटलं, "तुम्ही बघा ना. मला काय कळतंय?" तर म्हणाले, "निकाल एकट्याने बघितला, की माणूस त्याचे लाड करतो. चार डोळ्यांदेखत बघितला, की जो आहे तोच राहतो."

बघायचं काय, तर बदक. त्यांनी पोरांच्या अंकलिपीतून 'ब बदकाचा' हे पान फाडून आणलं होतं. ग्लास त्या बदकावर ठेवायचा आणि वरून डोकवायचं. नितळ पाण्यातून तळाशी बदक स्वच्छ दिसायचं. मग मास्तर बेरियम क्लोराईड नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे. पानाला आंबट करणारं धुराचं गंधक आत साठलेलं असलं, तर पाणी ताक ढवळल्यासारखं पांढरं व्हायचं आणि बदक दिसेनासं व्हायचं. थोडंसं गंधक तर प्रत्येक पानात असतंच म्हणे, त्याने बदक फार तर जरासं धुकट व्हायचं. पण धूर खाल्लेलं पान असलं, की बदक गडप! आमच्या कडुनिंबाचं बदक बुडालं तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या, कशासाठी ते मला अजूनही कळलेलं नाही. पिठाचे हात सगळे झटकले गेले आणि मास्तरांच्या चष्म्यावर पीठ. त्यांचा आनंद म्हणजे साथीचा रोग होता, कुणालाही लागायचा.

आणि चुकले, की दुप्पट आनंद. एकदा म्हणाले, तेलाच्या घाण्याजवळच्या पिंपळाचं बदक बुडणार म्हणजे बुडणारच. थेंब टाकले. बदक ठणठणीत! मी म्हटलं, "आता?" मास्तर उठून खोलीभर फिरायला लागले, हात चोळत. "चुकलं! वा! वहिनी, चुकलं! आता खरी मजा!" माणसं चूक झाली की तोंड लपवतात. हे चूक झाली की तोंडभर हसायचे.

तुलनेला साफ पान हवं म्हणून एकदा सुट्टीत सातपुड्यात गेले, पार धडगावच्या वर. धूर कसा तो ठाऊक नसलेला आंबा हवा होता त्यांना. घाट चढून, पुढे पायी फिरून, दोन पोती आंब्याची पानं घेऊन बाजारच्या दिवशी धडगावात उतरले. तिथल्या बायकांनी पोत्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, की मास्तर, तुमच्याकडे शेळ्या किती? मास्तर म्हणाले, एकही नाही. मग बाजारात जो तो येऊन बघायला लागला, की शेळी नसताना डोंगरातला पाला खाली नेणारा माणूस असतो तरी कसा! एका म्हाताऱ्याने दया येऊन आपली शेळी देऊ केली. मास्तर घरी येऊन हे इतकं रंगवून सांगत होते, की सांगताना स्वतःच शेळी होऊन ओरडले. मी मात्र खरंच एक शेळी घेतली. उरलेला एवढा पाला वाया कशाला घालवायचा?

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या हातात माझ्या मायचा आंबा सापडला.

माझं माहेर तापीकाठचं, प्रकाशा गावाच्या अलीकडे. वडील गेलेले, घरात माय आणि भाऊ. नदीकडच्या शेतात आमची आठ-दहा आंब्यांची आमराई आणि बांधावर एक मोठा आंबा, माझ्या आजाने लावलेला. शेंदऱ्या म्हणायचो आम्ही त्याला, पिकला की सालीला शेंदरी रंग यायचा. त्याच्या आडव्या फांदीला आखाजीचा झोका. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आणि घरात पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवतात. घागरीवर आंबा ठेवल्याशिवाय घरातलं थोरलं माणूस आंब्याला तोंड लावत नाही. आमच्या घागरीवर कायम शेंदऱ्याचाच आंबा. मायचा तो नेमच होता.

बांधापलीकडचं वावरही आमचंच. भावाने ते एका शेठला वीटभट्टीसाठी दिलं. दिवाळीनंतर भट्टी पेटायची ती पावसाळ्यापर्यंत धुमसत राहायची, कोळशाचा चुरा घालून. पहिल्याच उन्हाळ्यात शेंदऱ्याच्या कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या आणि खालच्या टोकाला काळ्या पडल्या. नाक जळाल्यासारखं. मग गळायला लागल्या. दुसऱ्या वर्षी तेच. दोन आखाज्या मायने घागरीवर बाजारचा आंबा ठेवला, आणि गावात कुजबुज सुरू झाली की पितर रुसले, त्यांना त्यांच्याच झाडाचा आंबा नको झाला. काही म्हणाले, झाड म्हातारं झालं. भावाने ठरवलं, ही तिसरी आखाजी झाली की आंबा तोडायचा आणि तिथे केळी लावायची. लाकूड कुणाला? तर भट्टीवाल्या शेठला, भट्टीत घालायला.

माय माझ्याकडे आली ती ओट्यावरच बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही. "पोरी, आंबा तोडतस. मन्हं कोनी ऐकत नही." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. माझी माय, जी वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी शेतात उभी होती, ती एका झाडासाठी माझ्या ओट्यावर लहान पोरीसारखी रडली.

मास्तर सायकल लावत होते. मी मायला कैऱ्यांचं विचारत होते, त्यातले 'काळं नाक' एवढे दोनच शब्द त्यांच्या कानावर पडले असतील. सायकल तशीच सोडली, ती धाडकन पडली. "काळं? कुठे, देठाकडे की खालच्या टोकाला? खालच्या? आणि भट्टी जवळ आहे? कोळसा घालतात? अहो, वा वा वा!" आणि चक्क गिरकी घेतली.

माझं डोकंच फिरलं. "मास्तर, माझ्या मायच्या डोळ्याला धार लागलीय आणि तुम्ही नाचता? लाज नाही वाटत?"

ते थबकले. मायच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "आई, तुमचं झाड म्हातारं नाही झालेलं. पितरही रुसले नाहीत. झाड गुदमरलंय, असं मला वाटतं. मी ते झाडाकडूनच वदवून घेतो, सगळ्यांसमोर. मला फक्त पानं द्या."

वार्षिक परीक्षा चालू होत्या, त्यांना निघता येईना. तेव्हा मायला सांगितलं: शेंदऱ्याची पानं वेगळी, आमराईच्या मधल्या झाडाची वेगळी आणि नदीकाठच्या शेवटच्या झाडाची वेगळी, तीन फडक्यांत बांधून दूधवाल्याबरोबर पाठवा. मायने पाठवली. मास्तरांनी सोनाराकडून आणलेल्या मुशीत ती जाळली, सोनाराच्याच काट्यावर राख तोलली, उकळली, गाळली, तीन बाटल्या भरल्या. मी म्हटलं, "थेंब टाकून बघा तरी एकदा." डोळे वटारून म्हणाले, "ज्यांचा निकाल, त्यांच्यासमोर! आधीच बघितला तर मी पेपर फोडला असं नाही का होणार?"

मनात म्हटलं, बघा हं, नाहीतर हात दाखवून अवलक्षण व्हायचं. आणि झालं तसंच!

आखाजीच्या आदल्या दिवशी शेंदऱ्याखाली खाट टाकली. मी माहेरी आलेलीच होते. भाऊ, पोलीस पाटील, भट्टीवाला शेठ, निम्मं गाव जमलेलं. पलीकडे भट्टी धुमसत होती, डोळे चुरचुरत होते. झोका बांधलेला होता, पण पोरी त्यावर बसायचं सोडून खाटेभोवती जमल्या. मास्तरांनी बदकाची तीन चित्रं मांडली, त्यांवर माझे तीन ग्लास. भाषण ठोकलं, तेही अहिराणीत, आणि अशा अहिराणीत की म्हाताऱ्यांची बोळकी उघडली ती मिटेनात. शेवटी म्हणाले, "भट्टीजवळच्या शेंदऱ्याचं बदक बुडणार! मधल्याचं धुकट होणार! नदीकाठचं पोहत राहणार!" आणि थेंब टाकले.

शेंदऱ्याचं बदक पोहत राहिलं.

मधलं पोहत राहिलं. नदीकाठचंही. तिन्ही बदकं कशी टवटवीत, चोच न् चोच दिसत होती. मास्तरांनी आणखी थेंब टाकले. काही नाही. एक पोरगं फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. शेठ उठून धोतर झटकत म्हणाला, "मास्तर, धूर वर जातो हो. खाली काय येतो? उगाच आमच्या धंद्यावर नाव." भावाने मान खाली घातली, त्यालाही चांगलं वाटत नव्हतं. पण मायला म्हणाला, "माय, आते काय ऱ्हायनं? आखाजी व्हई जाऊ दे. परवादिन तोडनारा येतीन."

 माय उठून शेंदऱ्याच्या खोडाला टेकून उभी राहिली. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. मास्तरांचा असा राग आला होता म्हणून सांगू! मोठे पेपर न फोडणारे!

मास्तर ग्लासाकडे बघत होते. मग वर झाडाकडे बघितलं. मग मायकडे गेले आणि विचारलं, "आई, पानं तोडली कशी तुम्ही? कुठली तोडली?"

माय दुखावली होती, तरी ताठ मानेने म्हणाली, "कशी म्हंजे? देवले तोडतस तशी! न्हायनू, झाडले हात जोडात, नि कवळा कवळा, बिगर डागना पाने निवडात. वल्ला फडकाघाई पुशात. मास्तरले काय किडेल पान धाडू का?"

 आणि मग मास्तर असे ओरडले, की आंब्यावरचे पोपट उडाले. "चुकलं! वा! चुकलं! अहो आई, काय सुंदर चुकलं!" आणि सगळ्या गावासमोर वाकून मायच्या पाया पडले. माय घाबरून खोडाला आणखीच चिकटली.

मग मलाही लख्ख कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तोरणाला, कलशाला, देवाला आंब्याची पानं आपण कशी तोडतो? कवळी, तांबूस, चकचकीत, भोक नसलेली. गुरूला द्यायची म्हणून मायने तशीच निवडली, तिन्ही झाडांची. ती पानं चार दिवसांपूर्वी फुटलेली! त्यांनी कसला धूर बघितलाय? तान्ह्या पोराला विचारावं की बाबा, गेल्या वर्षी दुष्काळ पडला होता का, तसं झालं ते.

"मला जुनी पानं हवीत!" मास्तर चपला भिरकावून झाडावर चढलेसुद्धा. "काळपट, किडकी, भोकं पडलेली, दिवाळीपासूनचा धूर प्यालेली! पाटील, कुणी उठायचं नाही! शेठ, तुम्ही तर मुळीच नाही!"

वरून पानांचा पाऊस. मग आमराईतल्या मधल्या झाडावर, मग नदीकाठच्या. माणूस पन्नाशीकडे झुकलेला, पण वानरासारखा. मायने घरची चूल पेटवली. पिशवीतून काढलेली मूस पूर्ण वेळ झाकलेली, मास्तर कुणाला जवळ फिरकू देईनात, चुलीचा धूर आत जायला नको म्हणून. ऊन डोक्यावर आलं, पण गाव काही हललं नाही. हसायला थांबलेली माणसं हळूहळू बघायला थांबली. बायकांनी घरून पाण्याचे तांबे आणले. पाटील स्वतः फुंकणी फुंकत बसले आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "व्हयनं का, मास्तर?"

पुन्हा खाट, पुन्हा तीन ग्लास, पुन्हा बदकं. ह्या खेपेला मास्तरांनी चौथा ग्लासही मांडला, सोबत आणलेल्या बाटलीतला, धडगावच्या वरच्या आंब्याचा. औषधाची बाटली त्यांनी सरळ शेठच्या हातात दिली. "तुम्ही टाका. माझा हात नको."

शेठने टाकले थेंब. डोंगरच्या आंब्याचं बदक पोहत राहिलं. नदीकाठचं जरासं धुकट. मधल्याचं चोचीपर्यंत बुडालं. आणि शेंदऱ्याच्या ग्लासात थेंब पडले मात्र, पांढरा ढग असा खाली उतरत गेला, उतरत गेला...

"बुडनं!" पाटील ओरडले. "बदक बुडनं रे!"

"बुडनं! बुडनं!" पोरी, बाया, म्हातारे, सगळं गाव! लोक एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होते, ज्याने बघितलं तो पुन्हा रांगेत लागत होता. मी काय केलं म्हणाल, तर मास्तरांसारखी गिरकी घेतली, सासुरवाशीण बाई, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे! मला त्याची आजही लाज वाटत नाही.

शेठने तो पांढरा ग्लास उचलून उजेडात धरला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "एवढा धूर ह्या झाडात गेला?" मग भट्टीकडे बघितलं. तिथे त्याचे मजूर, त्यांच्या बायका, विटांच्या थप्प्यांमध्ये झोळीत झोपलेली लेकरं. "मग माणसांत किती जात असेल?"  

भाऊ मायजवळ गेला. तिच्या डोळ्याला डोळा देईना. शेठला म्हणाला, "शेठ, भट्टी इझाडी टाका. आखाजीनंतर नवा जाळ लावू नका. पावसायानंतर दुसरीकडे बघा." शेठने मान हलवली. गावाबाहेर, वारा ज्या दिशेला जातो त्या अंगाला, खारवट माळ पडून होता. दसऱ्यानंतर भट्टी तिथे गेली. उंच धुराडं बांधलं, आणि मजुरांची पालंही वाऱ्याच्या उलट्या अंगाला घातली. हे शेवटचं मास्तर सायकलवर जाऊन स्वतः बघून आले.

पुढच्या मार्चमध्ये मास्तरांची बदली झाली, दूर कुठेतरी दक्षिणेकडे. जाताना माझे ग्लास परत केले, एक कमी. खलबत्त्याला पानांचा वास कायमचा राहिला. शेळी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून ओरडायची. मीही तिच्यावर ओरडायचे, पण मला तिचं कळत होतं.

आखाजीला मायने निरोप धाडला होता, आणि मास्तर आले! कुठून कुठून गाड्या बदलत, केस पिंजारलेले, खांद्याला तीच पिशवी. मीच त्यांना बैलगाडीतून माहेरी घेऊन गेले. वाटभर ते झाडं मोजत होते आणि मी त्यांना त्यांच्या खोलीत आलेल्या नव्या भाडेकरूच्या कागाळ्या सांगत होते.

घराशी पोचलो आणि माझी नजर दारावर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सणाच्या दिवशी तोरण होतं, पण कसलं? काळपट, राठ, कडा करपलेल्या, किडीने भोकं पाडलेल्या पानांचं! गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मायला म्हटलं, "व माय, आखाजीले हाई काय बांधं?"

मायने मला बाजूला केलं. मास्तरांना म्हणाली, "मास्तर, शेंदऱ्याना पाने शेतस. मांगला साले मी तुम्हले ज्या कवळा धाडात ना, त्यासना संगना. आते जुना व्हई ग्यात. इचारा त्यासले."

मी तोरणाकडे पुन्हा बघितलं. गेल्या आखाजीला जी तांबूस कोवळी होती, ज्यांना सांगण्यासारखं काहीच नव्हतं, ती पानं अख्खं वर्ष झाडावर राहून आता बोलायच्या वयाला आली होती. आणि माझ्या अडाणी मायने देवाच्या दारावर देवाची रीत मोडून ती मास्तरांसाठी टांगली होती.

मास्तर उंबऱ्यात उभे.  चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. आत घागर मांडलेली दिसत होती. तिच्यावर डांगर, आणि डांगरावर शेंदऱ्याचा आंबा, टोकापर्यंत पिवळा, नाकाला काळा ठिपका नाही.

मग त्यांनी हात वर केला, तोरणातलं सगळ्यात भोकं पडलेलं पान तोडलं आणि सगळ्या गल्लीदेखत जिभेने चाटलं. डोळे मिटले. जीभ टाळूला लावली. 

"आई," ते ओरडले, "आंबट नाही! आई, काहीच चव नाही!"